परसातली बाग : बारा महिन्यांची भाजी

  

आज मला परसबागेवर चार गोष्टी सांगायला बोलावले आहे. मी काही शेतकी शाळेत शिकलेली नाही. तुमच्यासारखीच शेतकऱ्याच्या घरातली बाई आहे. पस्तीस वर्षांची होईपर्यंत मी अंगठाच उठवीत होते. मग अशाच एका रात्रीच्या वर्गात बसले आणि अक्षरे शिकले. का शिकले, ते आधी सांगते. कारण त्या गोष्टीचा आणि परसबागेचा जवळचा संबंध आहे.

एका काकडीची गोष्ट

त्या साली आमची अडीच एकर कपाशी होती. कपाशीवर अळी पडली. आमच्या मालकांनी दुकानातून औषध आणले आणि पाठीवरच्या पंपाने फवारले. संध्याकाळी पंपात थोडे औषध उरले. पैशाचे औषध ओतून कसे द्यायचे? परसात चार वांगी होती, काकडीचा वेल होता. त्यांच्यावरही किडे दिसत होते. मालकांनी उरलेले औषध तिथे मारून टाकले. म्हणाले, “चला, दोन कामं एकात झाली.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, परसात गेल्या. त्यांना फवारणीचे कुणी सांगितलेच नव्हते. त्यांनी एक कोवळी काकडी तोडली, पदराला पुसली आणि खाल्ली. एक तुकडा माझ्या चार वर्षांच्या पोराला दिला.

तासाभरात आत्याबाईंना घाम फुटला. तोंडातून लाळ गळू लागली. उलट्या सुरू झाल्या. पोरगा पोट धरून रडू लागला. आम्हाला वाटले, बाधा झाली. कुणी म्हणाले, दृष्ट काढा. पण शेजारचे काका शहाणे. ते म्हणाले, “आधी गाडी जुंपा. दृष्ट वाटेत काढा.”

दवाखान्यात डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली. बाहुल्या मोहरीएवढ्या बारीक झाल्या होत्या. त्यांनी विचारले, “कोणतं औषध पोटात गेलंय? बाटली कुठं आहे?” बाटली घरी होती. मालक सायकलवर माघारी पळाले. बाटली आली, डॉक्टरांनी वाचली. त्यांनी आधीच उपचार सुरू केले होते, म्हणून दोघेही वाचले.

मग डॉक्टरांनी ती बाटली आमच्यापुढे धरली. म्हणाले, “हे बघा. कोणत्या पिकावर मारायचं, ते यावर लिहिलंय. फवारल्यावर किती दिवस माल तोडायचा नाही, तेही लिहिलंय.”

बाटलीवर सगळे लिहिलेले होते. घरात आम्ही चार मोठी माणसे होतो. एकालाही वाचता येत नव्हते.

बायांनो, त्याच दिवाळीनंतर मी वर्गात बसले. आणि त्याच वर्षी ठरवले की, परसातली भाजी निर्मळच पिकवायची.

जागा किती, पाणी किती

आता कामाच्या गोष्टीकडे वळू. तुम्ही म्हणाल, “बाई, आम्हाला जागा कुठं आहे?” जागा फार लागत नाही. एक गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद. एवढी जागा असली, तर घरची बरीचशी भाजी निघते. गुंठा नसेल तर अर्धा गुंठा घ्या. तोही नसेल, तर न्हाणीच्या पाण्यावर एक केळ आणि चार अळूचे कंद लावा. छपरावर दुधीचा वेल चढवा. दारात एक शेवगा लावा. तीही बागच झाली.

भाजी किती खावी? जागतिक आरोग्य संघटना सांगते की, मोठ्या माणसाने दिवसाला भाज्या आणि फळे मिळून निदान ४०० ग्रॅम खावीत. बटाटा आणि रताळे त्यात धरायचे नाही. घरात पाच माणसे असली, तर दिवसाला दोन किलो झाले. बाजारातून रोज दोन किलो भाजी आणि फळे कोण आणतो? आपण आठवड्याच्या बाजारातून आणतो. दोन दिवस ताजी खातो. तिसऱ्या दिवसापासून पिठले आणि चटणी. म्हणून परसात भाजी हवी.

जागा निवडताना तीन गोष्टी पाहा. ऊन यावे, पाणी जवळ असावे आणि कोंबड्या-शेळ्या शिरू नयेत. दिवसातून सहा तास ऊन नसेल, तर वांगे, मिरची, टोमॅटो धरत नाहीत. पेरू, शेवगा अशी उंच होणारी झाडे उत्तरेच्या कडेला लावा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. झाडे दक्षिणेला असली, तर त्यांची सावली दिवसभर वाफ्यांवर पडते.

रोहिणी : तयारीचे दिवस

बागेचे वर्ष रोहिणीत सुरू होते. मे महिन्याच्या शेवटी रोहिणी निघते. पाऊस यायच्या आधी दोन कामे उरका.

पहिले काम जमिनीचे. जमीन खोल खणा आणि उन्हात तापू द्या. उन्हाने किडीचे कोष मरतात, हरळीच्या मुळ्या वाळतात. मग चांगले कुजलेले शेणखत मिसळा. ताजे शेण घालू नका. ताज्या शेणात हुमणी वाढते, आणि ते कुजताना रोपाची मुळे भाजतात. खत कुजले की नाही, ते कसे ओळखावे? मूठभर हातात घ्या. शेणाचा वास न येता मातीचा वास आला, तर खत तयार झाले.

दुसरे काम खड्ड्यांचे. लिंबू आणि पेरू यांना दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट खोल खड्डा घ्या. पपईला दीड फुटाचा पुरे. खणताना वरची माती एका बाजूला टाका, खालची दुसऱ्या बाजूला. खड्डा पंधरा दिवस उन्हात उघडा ठेवा. मग वरची माती आणि शेणखत मिसळून भरा. वरच्या मातीत कस असतो. ती मुळांजवळ गेली पाहिजे.

रोपे खात्रीची आणा. राहुरी, परभणी, अकोला, दापोली इथे कृषी विद्यापीठे आहेत. त्यांच्या रोपवाटिका आहेत. पेरूची ‘सरदार’ ही जात पुण्याच्या गणेशखिंडीच्या बागेत निवडलेली आहे. तिलाच एल-४९ म्हणतात. लिंबाची ‘साई सरबती’ ही जात राहुरीची. नाव कागदावर लिहून न्या, आणि रोपाला बांधलेली चिठ्ठी वाचून मगच रोप घ्या. आता आपल्याला वाचता येते. कुणी काही हातात द्यावे आणि आपण घ्यावे, ते दिवस गेले.

मृग आणि आर्द्रा : लावणीचे दिवस

जूनच्या सात-आठ तारखेला मृग निघतो. एक-दोन चांगले पाऊस होऊ द्या. माती वीतभर खोल ओली झाली, की पेरा. पहिल्या शिंतोड्यावर घाई केली, तर बी फुगते आणि वाळून जाते.

या दिवसांत भेंडी, गवार, चवळी, घेवडा, दोडका, कारले, दुधी, भोपळा, काकडी आणि अंबाडी लावा. बी किती खोल टाकावे? सोपा हिशोब आहे. बी जेवढे जाड, त्याच्या दुप्पट-तिप्पट खोल. भोपळ्याचे बी बोटाच्या एका पेराएवढे खोल जाऊ द्या. राजगिऱ्याचे बी नुसते मातीत कालवा. कारल्याच्या बीचे कवच टणक असते. ते एक दिवस पाण्यात भिजवून लावा.

वांगी, मिरची आणि टोमॅटो यांची आधी रोपे करा. त्यासाठी वीतभर उंचीचा गादीवाफा करा. पाणी साचले, तर कोवळी रोपे बुडाशी कुजून कोलमडतात. चार-पाच आठवड्यांनी रोप वीतभर झाले, की दुसरीकडे लावा. लावणी संध्याकाळी करा. सकाळी लावलेले रोप दुपारच्या उन्हाने मान टाकते. संध्याकाळी लावलेल्याला रात्रभर विसावा मिळतो.

झाडेही आताच लावायची. लिंबाला दुहेरी आळे करा. म्हणजे खोडाभोवती मातीची छोटी भर घाला आणि पाण्याचे आळे तिच्या बाहेर ठेवा. लिंबाच्या खोडाला पाणी लागून राहिले, तर साल कुजते आणि डिंक येतो.

पपईचा धडा मी फटका खाऊन शिकले. पहिल्या वर्षी मी सहा पपया लावल्या, त्याही सखल जागी. मनात म्हटले, बरे झाले, पाणी आयते मिळेल. आषाढात तीन दिवस झड लागली. आळ्यांत पाणी तुंबले. चौथ्या दिवशी पाने पिवळी पडली, आठव्या दिवशी सहाही झाडे आडवी झाली. पपई पाण्यात उभी राहत नाही. तिला उंचवट्यावर लावा आणि पाण्याला वाट करून द्या. शिवाय एका जागी दोन-तीन रोपे लावा. पपईत नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे असते. ते फुलावर आल्याशिवाय कळत नाही. लांब देठावर फुलांचे झुपके लोंबले, तर तो नर. नर काढून टाका, दहा झाडांत एक राहू द्या. नीट जपलेली पपई वर्षाच्या आत फळ देते.

शेवगा तर गरिबाचा मित्र आहे. फांदी रोवली तरी येतो. बियांपासून येणारी ‘पीकेएम-१’ ही जात तमिळनाडूतल्या पेरियाकुलमची. ती पहिल्याच वर्षी शेंगा देते. शेंगांचा बहार संपला, की झाड कमरेच्या उंचीवर छाटा. नाही छाटले, तर झाड आभाळाला जाते आणि शेंगा कावळ्यांना.

श्रावण-भाद्रपद : राखणीचे दिवस

पावसाळ्यात तण आणि कीड दोन्ही जोर करतात. तण लहान असतानाच खुरपा. तणाने फूल धरले, की त्याचे बी पडले. मग वर्षानुवर्षे खुरपत बसा.

या दिवसांत बायका मला विचारतात, “काकू, भोपळ्याला फुलं ढीगभर येतात, पण फळ का धरत नाही?” भोपळ्याला नर फुले आणि मादी फुले वेगळी येतात. मादी फुलाच्या मागे इवलासा भोपळा असतो. नराच्या मागे नुसता देठ. नराचा पराग मादीवर गेला, तरच फळ धरते. हे काम मधमाशी करते. माशा नसल्या, तर सकाळी लवकर नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि आतला पिवळा दांडा मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा. आठ दिवसांत गुण दिसेल.

आता किडीचे सांगते. रोज सकाळी बागेतून एक फेरी मारा. निम्मी कीड डोळ्यांनीच मरते.

वांग्याचा शेंडा मान टाकून वाळला, तर आत अळी आहे. शेंडा खालून कापा आणि जाळा. तसाच ठेवला, तर अळ्यांची पुढची पिढी वांग्यात शिरेल. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या, तर तो रोग बरा होत नाही. पांढरी माशी तो पसरवते. झाड उपटा आणि बाहेर न्या. एका झाडाची दया केली, तर वाफा जातो. दोडका किंवा कारले किडून गळाले, तर ते तिथेच कुजू देऊ नका. त्यात फळमाशीच्या अळ्या असतात. हातभर खोल पुरा. वेलाच्या पानांवर लाल भुंगे आले, तर सकाळी दवात चुलीची राख उधळा.

मावा आणि तुडतुडे यांना निंबोळीचे पाणी मारा. उन्हाळ्याच्या शेवटी पिकलेल्या निंबोळ्या वेचा, गर धुऊन सावलीत वाळवा. कवच फोडून आतली गिरी काढा. पन्नास ग्रॅम गिरी कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी फडक्याने गाळा. त्यात थोडे साबणाचे पाणी घाला. उन्हे उतरल्यावर पानांच्या खालून-वरून फवारा. हे पाणी त्याच दिवशी वापरून टाका.

आता विषारी औषधांची गोष्ट. प्रत्येक बाटलीवर पतंगासारखा एक चौकोन छापलेला असतो. त्याच्या खालच्या भागाचा रंग पाहा. तांबडा म्हणजे अति विषारी. पिवळा त्याच्या खालोखाल. निळा मध्यम. हिरवा सगळ्यांत कमी. पण ध्यानात ठेवा, हिरवा म्हणजे अमृत नव्हे. मोनोक्रोटोफॉस हे औषध भाजीवर मारायला सरकारने २००५ साली बंदी घातली. तरी पुढे कित्येक ठिकाणी लोक ते भाजीवर मारीत राहिले. का? बाटली वाचली नाही म्हणून. आणि २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात काय झाले? कपाशीवर फवारणी करता करता शेकडो माणसांना विषबाधा झाली. कितीतरी शेतकरी आणि मजूर जिवाला मुकले. ती माणसे आपल्यासारखीच होती.

म्हणून दादांनो, तुम्हाला हात जोडून सांगते. शेतातले उरलेले औषध परसात आणू नका. रिकाम्या बाटलीत तेल किंवा पाणी भरू नका. बाटली पोरांचा हात पोचणार नाही अशा जागी कुलपात ठेवा. आणि कुणाला बाधा झालीच, तर वेळ घालवू नका. अंगावर औषध सांडले असेल, तर कपडे काढून साबणाने अंग धुवा. १०८ नंबरला फोन करा. दवाखान्यात जाताना बाटली बरोबर न्या. आमच्या मालकांना सायकलवर माघारी पळावे लागले, तसे तुम्हाला लागू नये.

हस्त ते दिवाळी : पालेभाजीचे दिवस

सप्टेंबरच्या शेवटी हस्त लागतो. पाऊस ओसरतो, ऊन कोवळे होते. बागेचा खरा हंगाम आता सुरू होतो.

दसऱ्यापासून मेथी, पालक, कोथिंबीर, शेपू, चाकवत, मुळा, गाजर, लसूण आणि वाटाणा लावा. कोबी आणि फुलकोबीची रोपे करा. वाफा चार फुटांपेक्षा रुंद करू नका. दोन्ही बाजूंनी बसून मध्यापर्यंत हात पोचला पाहिजे. वाफ्यात पाय पडला, की माती दबते.

कोथिंबिरीचे धणे तसेच टाकू नका. एका धण्यात दोन बिया असतात. चपलेने किंवा लाटण्याने हलके रगडा, म्हणजे दोन डाळी होतात. मग पेरा. आठ-दहा दिवसांत उगवण दिसते.

इथे एक चूक सगळ्या जणी करतात. मीही करीत होते. सगळी मेथी एकाच दिवशी पेरायची. मग महिन्याने घरात मेथीच मेथी. पोरे ताट बाजूला सारतात. पुढच्या महिन्यात मेथीचे पानही नाही. तसे करू नका. वाफ्याचे चार भाग करा. दर आठ दिवसांनी एक भाग पेरा. म्हणजे एक संपेपर्यंत दुसरा तयार होतो. एवढे एक काम केले, तरी भाजीचा खंड पडत नाही.

दुसरी गोष्ट फेरपालटीची. वांगे, मिरची, टोमॅटो आणि बटाटा ही एका घराण्याची पिके आहेत. त्यांचे रोग एक, त्यांची भूक एक. ज्या वाफ्यात यंदा वांगी होती, तिथे लगेच टोमॅटो लावू नका. तिथे वाटाणा, चवळी किंवा मेथी घ्या. शेंगवर्गाच्या मुळांवर गाठी असतात. त्या हवेतले नत्र जमिनीला देतात. एक पीक जमिनीकडून घेते, दुसरे पीक परत देते.

थंडीत पाणी बेताने द्या. माती बोटाने उकरून पाहा. पेरभर खाली ओल असेल, तर पाणी नको. जास्त पाण्याने पाने पिवळी पडतात. माणूस म्हणतो पाणी कमी पडले, आणि आणखी पाणी ओततो.

माघ ते वैशाख : पाण्याचे दिवस

माघ-फाल्गुनात भेंडी, गवार, काकडी आणि तांबडा माठ पेरा. होळीच्या सुमारास लसणाची पात पिवळी पडून मान टाकते. तेव्हा लसूण काढा, सावलीत वाळवा आणि जुड्या बांधून टांगा.

पुढे पाणी आटते. तेव्हा तीन उपाय करा.

पहिला उपाय आच्छादन. उसाचे पाचट, वाळला पाला, भुसा, जे मिळेल ते झाडाच्या बुडाशी चार बोटे जाड पसरा. खोडाला चिकटवू नका. माती झाकलेली राहिली, की ओल टिकते.

दुसरा उपाय मडक्याचा. कच्ची झिलई नसलेले मडके घ्या. बुडाला बारीक छिद्र पाडा आणि त्यात चिंधीची वात घाला. मडके झाडाजवळ गळ्यापर्यंत पुरा. पाणी भरून वर झाकण ठेवा. पाणी थेंबाथेंबाने मुळांशी जाते, वरच्या वर उडून जात नाही.

तिसरा उपाय न्हाणी-मोरीचे पाणी. अंघोळीचे आणि भांड्यांचे पाणी केळीला, अळूला, झाडांना चालते. पालेभाजीला किंवा कच्च्या खायच्या काकडी-मुळ्याला ते घालू नका. आणि ते पाणी साचू देऊ नका. साचले, की डास झाले.

२०१६ च्या उन्हाळ्याची आठवण सांगते. त्या वर्षी लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. आमच्या गावातही टँकर येत होता. घरी दिवसाला चार घागरी पाणी. बाग कशी जगवायची? मी रात्रभर विचार केला. सगळे जगवायला गेले असते, तर सगळेच मेले असते. मी भाजीचे वाफे सोडून दिले. भेंडी उभी वाळली. डोळ्यांना बघवत नव्हते. पण भाजी चार महिन्यांची असते, लिंबाला फळ यायला तीन-चार वर्षे लागतात. म्हणून अंघोळीचे पाणी बादलीत धरून लिंबाला, पेरूला आणि शेवग्याला दिले. शेवग्याच्या फांद्या छाटल्या, म्हणजे त्याची तहान कमी झाली. पेरूची कळी खुडून टाकली. त्या वर्षी पेरू खाल्ला नाही. पण मृगात पाऊस आला तेव्हा तिन्ही झाडे उभी होती. ती आजही आहेत.

अडचणीच्या वेळी काय सोडायचे आणि काय धरायचे, हे बागेत कळावे लागते.

बी घरचे ठेवा

प्रत्येक पिकातले चांगले झाड आधीच हेरून ठेवा. त्याला तांबडी चिंधी बांधा आणि घरच्या माणसांना सांगा, “हे तोडायचं नाही.” फळ झाडावरच पक्के होऊ द्या. बी काढून, धुऊन, सावलीत वाळवा. कोरडी राख मिसळून मडक्यात किंवा डब्यात ठेवा. वर नाव आणि वर्ष लिहा. एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्या. दुकानातले संकरित बी एकदाच चांगले येते. त्याचे बी पुन्हा पेरले, तर तसे फळ मिळत नाही. बी धरायचे ते गावरान वाणाचे.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे तुम्ही ऐकल्या असतील. त्या शाळेत गेल्या नाहीत. पण गावरान भाज्यांचे आणि धान्याचे बी त्यांनी जपले, बायांना वाटले, बियांची बँक उभी केली. लोक त्यांना बीजमाता म्हणतात. २०२० साली त्यांना पद्मश्री किताब जाहीर झाला. मडक्यातल्या बीची किंमत एवढी आहे.

पिकवा आणि खा

आता शेवटचे. बाग पिकते, पण ताटात येत नाही, असेही होते. आधी पुरुष जेवतात, मग पोरे, मग म्हातारी माणसे. सुनेच्या वाट्याला कढईचा तळ येतो. दवाखान्यात नर्सबाई सांगतात, “हिच्या अंगात रक्त कमी आहे.” अहो, रक्त कमी असणारच. मेथी तिने खुडली, निवडली, शिजवली, आणि खाल्ली मात्र दुसऱ्यांनी.

आमच्या धाकट्या सुनेचे असेच झाले. पाचवा महिना होता आणि पायऱ्या चढताना तिला धाप लागत होती. त्या दिवसापासून मी तिचे ताट आधी वाढायला लागले. आत्याबाई तेव्हा थकल्या होत्या, पण त्याच म्हणाल्या, “वाढ गं तिला. दोघांचं खायचंय तिला.” दवाखान्यातल्या गोळ्याही चुकू दिल्या नाहीत. गोळीच्या जागी भाजी नाही आणि भाजीच्या जागी गोळी नाही. दोन्ही लागतात.

शेवग्याचा पाला, राजगिरा, मेथी यांत लोह असते. त्यावर लिंबू पिळा, म्हणजे लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा घेऊ नका, तो लोह अंगी लागू देत नाही. पिकली पपई, लाल भोपळा, गाजर आणि हिरवा पाला डोळ्यांना चांगले. पालेभाजी आधी धुवा, मग चिरा. चिरून धुतली, तर सत्त्व पाण्याबरोबर जाते. आणि उरलेली भाजी शेजारणीला द्या. तिच्याकडचा दुधी तुमच्याकडे येईल.

आज घरी गेल्यावर एवढे करा

प्रत्येकाने एक वही घ्या. पहिल्या पानावर आपल्या परसाचा चौकोन काढा. कुठे काय लावणार, ते लिहा. बी पेरले, की तारीख लिहा. उगवले, की तारीख लिहा. पहिली भाजी तोडली, की तारीख लिहा. कोणती कीड आली, काय केले, तेही लिहा. एका वर्षात तुमच्याच परसाचे पुस्तक तयार होईल, आणि ते दुसऱ्या कुणाच्या पुस्तकापेक्षा तुमच्या उपयोगी पडेल.

माझी पहिली वही अजून माझ्या पेटीत आहे. अक्षर वेडेवाकडे आहे. पहिली ओळ अशी आहे : “आज काकडी लावली. औषध मारणार नाही.”

तो काकडी खाणारा पोरगा आता दोन मुलांचा बाप आहे. तो शेतात औषधाची बाटली आणतो, तेव्हा मी अजून त्याला ती मोठ्याने वाचायला लावते. तो हसतो, पण वाचतो.

बरे, उशीर झाला. कुणाला काही विचारायचे असेल तर विचारा. ज्यांना शेवग्याची फांदी आणि भोपळ्याचे बी हवे असेल, त्यांनी जाताना घेऊन जा. दाराशी टोपली ठेवली आहे. बीच्या पुड्यांवर नावे लिहिली आहेत. घेण्याआधी वाचा.

रामराम.